डॉ. कमल रणदिवे आणि दुधातला विषाणू

महाराष्ट्रातील शास्त्रज्ञ स्त्रियांची नावे सांगा, असे मी वर्गात विचारीत असे, तेव्हा पहिले नाव हमखास डॉ. आनंदीबाई जोशी यांचे येई. दुसरे नाव यायला वेळ लागे आणि तिसऱ्यासाठी वर्ग खिडकीबाहेर पाहू लागे. डॉ. कमल रणदिवे हे नाव बहुधा मलाच सांगावे लागे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले आणि एका दिवसात ते नाव घरोघरी पोचले. पण चित्र दुसऱ्या दिवशी गेले. त्यांचे काम काय होते, हे विचारणारे थोडेच उरले. प्रस्तुत लेखात त्यांच्या मानसन्मानांची जंत्री देण्याचा माझा विचार नाही. त्यांनी जो प्रश्न हाती धरला तो काय होता आणि पुढे त्याचे काय झाले, एवढेच सांगायचे आहे.

कमलाबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ यांच्या घरी झाला. वडील जीवशास्त्रज्ञ होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत. मुलगे आणि मुली असा भेद न करता सर्व मुलांनी उत्तम शिकले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. कमलचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने यातले काहीच केले नाही. तिने फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले, पदवी विशेष प्रावीण्याने मिळवली आणि नंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा व गुणसूत्रांचा अभ्यास. सीताफळापासून कर्करोगापर्यंतची ही वाट वाकडी वाटेल, पण तशी ती नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याची ज्याला सवय लागली, त्याला झाडाची पेशी आणि उंदराची पेशी यांत परकेपणा वाटत नाही.

दरम्यान १९३९ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. लग्नानंतर शिक्षण संपते, असा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव. येथे मात्र पदव्युत्तर शिक्षणात पतीचे साहाय्य झाले. त्या वेळी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय नुकतेच, १९४१ साली, सुरू झाले होते. तेथील विकृतिशास्त्राचे धुरीण डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी संशोधन आरंभिले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९५२ साली खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. कमलाबाईंचे पुढील सारे आयुष्य याच संस्थेशी बांधले गेले.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असेल. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत काचनळीत वाढू लागल्या आणि हेला पेशी म्हणून जगभर गेल्या. शरीराबाहेर पेशी जगवणे, म्हणजे ऊतिसंवर्धन, ही तेव्हा शास्त्राइतकीच हातोटीची बाब होती. कोंबडीच्या रक्तातील द्रव, गर्भनाळेतील रक्तद्रव, वासराच्या भ्रूणाचा अर्क अशा गोष्टी जमवून पेशींना खाऊ घालावे लागे. जरा अस्वच्छता झाली की आठवड्यांची मेहनत बुरशी खाऊन जाई.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. याचे कारण असे की विषाणूंचा अभ्यास पेशीशिवाय होऊच शकत नाही. जंतू बशीतल्या पोषक द्रव्यावर वाढतो; विषाणू तसा वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते. १९४९ साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू संवर्धित ऊतींत वाढवून दाखवला, तेव्हा कोठे पोलिओच्या लशीची वाट मोकळी झाली. परदेशात हे तंत्र शिकून कमलाबाई मायदेशी परतल्या आणि मुंबईत त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशींसाठी लागणारे पोषक माध्यम परदेशातून मागवावे तर पैसा आणि वेळ दोन्ही जात. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र जाणणारे सहकारी हाताशी घेऊन ही माध्यमे व द्रव्ये येथेच तयार केली. संशोधनाच्या इतिहासात अशा कामाची नोंद एखाद्या ओळीत होते, पण स्वयंपाकघर उभे राहिल्याशिवाय पंगत बसत नाही, हे आपण सगळे जाणतो.

आता त्यांच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या अशा जाती जोपासल्या होत्या की ज्यांतील माद्यांना स्तनांचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होई. हा दोष आनुवंशिक असावा असे सर्वांना वाटे. १९३६ साली जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रोग होणाऱ्या जातीची पिले जन्मताच उचलून निरोगी जातीच्या दाईकडे पाजायला ठेवली, तर मोठेपणी त्यांना रोग फारच कमी प्रमाणात होई. म्हणजे रोगाचे बीज दुधातून येत होते. बिटनर यांनी त्याला दुधातील घटक असे सावध नाव दिले. हा घटक म्हणजे एक विषाणू आहे हे पुढे सिद्ध झाले. परंतु एवढ्याने कोडे सुटले नाही. दुधातून विषाणू मिळूनही काही जातींना रोग होत नसे. ज्या माद्यांना वरचेवर पिले होत त्यांना तो अधिक होई. त्याआधीच, १९३२ साली, पॅरिसमध्ये लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचून त्यांच्या स्तनांतही अर्बुदे निर्माण केली होती.

तेव्हा खरे कारण कोणते? विषाणू, संप्रेरक, की आनुवंशिकता? कमलाबाईंनी या तिहींपैकी एकाची बाजू घेतली नाही. त्यांनी तिघांमधील संबंध हाच अभ्यासाचा विषय केला. रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती, संप्रेरके आणि अर्बुदांचा विषाणू यांचे एकमेकांशी नाते काय, हे त्या उंदरांत तपासत राहिल्या. त्यांच्या संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी उंदरांची एक जातही या अभ्यासात वापरली गेली. बी आणि जमीन यांची आपल्याकडील जुनी उपमा येथे नेमकी लागू पडते. सगळे जग विषाणूच्या बीमागे लागले असता या बाई जमिनीची माती हातात घेऊन पाहत होत्या.

त्यांची दिशा किती योग्य होती, हे समजण्यासाठी आज आपल्याला जे ठाऊक झाले आहे ते थोडक्यात पाहावे लागेल. येथे मी माझ्या माहेरच्या एका शिंप्याची मदत घेते. माझे माहेर ग्वाल्हेरचे. लष्करातील पाटणकर बाजारात आमचे बिऱ्हाड होते आणि खाली रस्त्याकडे तोंड करून एक शिंपीदादा बसत. लोक ताग्यातले कापड आणून त्यांच्यापुढे टाकीत. खडूची रेघ मारलेली असली की त्यांची कात्री चाले. कापड कोणाचे, कशाला हवे, याची चौकशी ते करीत नसत.

पेशीतही असे शिंपी आहेत. त्यांना आपण विकरे किंवा एन्झाइम म्हणतो. पेशी अनेक प्रथिने आधी लांब, अखंड साखळीच्या रूपात बनवते. ती तशीच ठेवली तर निरुपयोगी असतात. ठरावीक जागी कापली गेली की कामाची होतात. खडूची रेघ म्हणजे ॲमिनो आम्लांचा एक विशिष्ट क्रम. फ्युरिन नावाचे विकर आर्जिनीन आणि लायसिन यांची ठरावीक मांडणी दिसली की तेथे कापते. त्याच कुळातील विकरे आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिनच्या कच्च्या साखळीला कापून खरे इन्सुलिन तयार करतात. म्हणजे ही कात्री आपल्या रोजच्या जगण्यासाठी आहे.

उंदराच्या दुधातला हा विषाणू पेशीत शिरतो तोही पेशीच्याच दारातून. पेशी रक्तातील लोह ज्या ग्राहकामार्फत आत घेते, त्यालाच तो चिकटतो. आत गेल्यावर आपल्या आरएनएची डीएनए प्रत करून ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. मग पेशी ते जनुक आपलेच समजून प्रथिने बनवू लागते. विषाणूच्या गाभ्याची प्रथिने कापण्यासाठी त्याचे स्वतःचे विकर असते. परंतु बाहेरच्या आवरणावरील प्रथिनासाठी त्याच्यापाशी कात्री नाही. ते प्रथिन एका अखंड साखळीच्या रूपात तयार होते. त्याचे टोक आधी पेशीचे एक विकर कापते. पुढे पेशीच्या गॉल्जी भागात फ्युरिन येते, खडूची रेघ पाहते आणि साखळीचे दोन तुकडे करते. एक तुकडा नव्या पेशीला चिकटण्यासाठी आणि दुसरा तिच्या पटलात मिसळून आत शिरण्यासाठी. हा काप झाला नाही, तर विषाणू दिसायला पूर्ण, पण दार उघडता न येणारा राहतो. गंमत अशी की आधी कापलेले ते टोकही वाया जात नाही. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन विषाणूचा आरएनए बाहेर काढण्यास मदत करते, हे २००५ च्या सुमारास लक्षात आले.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. पिलाच्या पोटात दुधावाटे गेलेला विषाणू सरळ स्तनांत जाऊ शकत नाही. आतड्यातील लसिकापेशींत तो आधी मुक्काम करतो. तेथे तो एक असे प्रथिन बनवतो की ते पाहून शरीराच्या संरक्षक टी-पेशी मोठ्या संख्येने चवताळून उठतात. त्या गडबडीत विषाणूने व्यापलेल्या लसिकापेशींचीच संख्या वाढते आणि त्याला वाढायला मैदान मिळते. हे प्रथिनही फ्युरिनसारख्या कात्रीने कापले गेल्यावरच काम करते. ज्या उंदरांत त्या विशिष्ट टी-पेशी नसतात, त्यांत विषाणूचा प्रवास मध्येच खुंटतो. पुढे मादी वयात आली, गाभण राहिली की संप्रेरके वाढतात. विषाणूच्या जनुकांची कळ नेमकी संप्रेरकांनी दाबली जाणारी आहे. दूध तयार होण्याच्या वेळीच तो भरघोस वाढतो आणि दुधातून पुढच्या पिढीत जातो. या साऱ्या प्रवासात कोठेतरी तो गुणसूत्रात वाढीच्या जनुकाशेजारी जाऊन बसला, तर अर्बुद होते. जाती-जातींतील फरक, वारंवार होणारी पिले, संप्रेरके, दूध: कमलाबाईंनी एकत्र धरलेले सगळे धागे येथे एका गाठीत आलेले दिसतात. फ्युरिनची ओळख पटली ती १९९० च्या सुमारास. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. कात्री त्यांनी पाहिली नाही, पण शिंपी घरातलाच आहे या दिशेने बोट त्यांनी आधीच दाखवले होते.

हा विषय माझ्या मनाजवळचा होण्याला एक घरगुती कारण आहे. १९७१ साली नेचर या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मुंबईच्या पारशी समाजात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच. म्हणून तेथील काही स्त्रियांच्या दुधाची तपासणी अमेरिकन व मुंबईच्या संशोधकांनी मिळून केली होती आणि त्यात उंदरांतील विषाणूसारखे दिसणारे कण आढळले, असे त्यात म्हटले होते. अशा बातम्या वर्तमानपत्रांतून झिरपत झिरपत पाटणकर बाजारापर्यंत पोचल्या, तेव्हा त्यांचे रूप पार बदललेले होते. माझ्या एका काकूंची आई या रोगाने गेली होती. काकूंना मुलगा झाला आणि वडीलधाऱ्यांनी ठरवले की तिने त्याला अंगावर पाजायचे नाही. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि पदर भिजलेला असे. बाळाला बाजारचे दूध पाण्यात मिसळून दिले जाई. त्याला जुलाब सुरू झाले, ते थांबेनात. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना खडसावले, पण तोवर काकूंचे दूध आटले होते. मूल वाचले, मात्र त्याचे पहिले वर्ष रडण्यात आणि औषधांत गेले. काकूंनी ते दुःख कधी बोलून दाखवले नाही. त्यांच्या मनात आपण मुलाला विष पाजले असते ही भीती खोलवर बसली होती, आणि ती काढायला कोणी आले नाही.

म्हणून येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. दुधात कण दिसणे निराळे आणि त्या कणांनी रोग होतो हे सिद्ध होणे निराळे. माणसातील स्तनकर्करोग अशा विषाणूने होतो, हे इतक्या वर्षांत सिद्ध झालेले नाही. उलट अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली असे दिसून आले की मुलाला अंगावर पाजल्याने आईचा या रोगाचा धोका कमी होतो. एचआयव्हीसारखे काही विषाणू दुधातून जाऊ शकतात हे खरे, पण त्यासाठी काय करायचे ते डॉक्टर सांगतात. उंदराचा नियम जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. प्रयोगशाळेतील अर्धे सत्य घरात शिरले की त्याची किंमत बहुधा बाळंतिणीला मोजावी लागते.

कमलाबाईंच्या उंदरांतून मिळालेला धडा पुढे किती दूरवर लागू पडला, हेही पाहण्याजोगे आहे. एड्सच्या विषाणूचे आवरण-प्रथिन फ्युरिनच कापते. कोंबड्यांच्या जीवघेण्या फ्लूत विषाणूच्या प्रथिनावर अशी रेघ असते की सर्व अवयवांत असणारी ही कात्री त्याला मिळते आणि रोग अंगभर पसरतो. सौम्य जातींना मात्र श्वसनमार्गात व आतड्यात आढळणाऱ्या ट्रिप्सिनसारख्या कात्रीवरच भागवावे लागते. २०२० साली करोनाने जग थांबवले, तेव्हा त्याच्या काट्यासारख्या प्रथिनावरील फ्युरिनची जागा हा सर्वत्र चर्चेचा विषय झाला होता. मग ही कात्रीच बोथट करणारे औषध का काढू नये? अडचण उघड आहे. एड्सच्या विषाणूच्या स्वतःच्या कात्रीवरील औषध १९९५ साली आले आणि त्या कुळातील औषधांनी असंख्य प्राण वाचवले, कारण ती कात्री परक्याची होती. फ्युरिन मात्र आपले आहे. ते बंद केले तर घरातील शिवणकामही बंद पडेल. शत्रूला मारताना घर कसे राखायचे, हा प्रश्न आजही संशोधकांपुढे आहे.

कमलाबाईंचे पुढील चरित्र थोडक्यात सांगते. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक म्हणून धुरा वाहिली. कर्करोगनिर्मिती, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे नवे विभाग त्यांच्या प्रयत्नांनी उभे राहिले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांच्या कामातून पुढे लशीच्या प्रयत्नांना चालना मिळाली. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत. १९६४ साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार आणि वाटुमल पारितोषिक मिळाले, तर १९८२ साली पद्मभूषण. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मिळून भारतीय महिला वैज्ञानिक संघटना मुंबईत स्थापन केली. एकट्या बाईने पुढे जाणे आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट रुंद करणे यांतला फरक त्यांना कळत होता. ही संघटना आजही वाशी येथून काम करते.

निवृत्तीनंतरचे त्यांचे काम मला सर्वांत मोठे वाटते. अहमदनगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगरमधील) अकोले तालुक्यात, राजूरच्या आदिवासी भागात, त्या मुलांच्या पोषणाची पाहणी करीत हिंडल्या. गावातील स्त्रियांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देण्याच्या कामातही त्यांनी संघटनेमार्फत पुढाकार घेतला. सत्तरी ओलांडलेली पद्मभूषण शास्त्रज्ञ डोंगरातल्या पाड्यावर मुलाचे वजन किती आणि आई काय जेवते, हे टिपून घेते, याला कोणी उतारवयातील समाजसेवा म्हणेल. मला तसे वाटत नाही. आयुष्यभर त्या एकच गोष्ट पाहत आल्या होत्या: रोगाचे बी कोणत्या जमिनीत पडते ते. काचनळीतल्या पेशीला काय खाऊ घालायचे, हे शोधणारी बाई शेवटी माणसाच्या मुलाच्या ताटापाशी येऊन पोचली. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, लग्नानंतर मी या सीमाभागात आले आणि मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलामुलींना एकाच बाकावर बसवून प्राणिशास्त्र शिकवले. विषाणूचे चित्र सर्वांनाच चांगले काढता येत असे. पेशीचे चित्र मात्र घाईत उरकलेले असे. माझे सांगणे एवढेच की परीक्षेपुरता विषाणू पाठ करा, पण पेशी नीट पाहायला शिका. आणि सुटीत घरी गेलात की आपल्या आई, काकू, आजी यांच्याशी यावर बोला. वर्गात तुम्हाला जे कळले ते त्यांच्यापर्यंत पोचवणारे बहुधा दुसरे कोणी नसते.